लॅम्ब्रेटाचे माहेर

जुन्या गाडीचा नाद हा जुन्या नाण्यांच्या नादासारखा निरुपद्रवी नसतो. नाणी कपाटात मुकाट बसतात. गाडी दारात उभी राहून तेल मागते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट सल्ला देण्याची सोय करते. तरीही १९६८ सालची लॅम्ब्रेटा मी घेतली. मूळची मिलानची ही स्कूटर ए. पी. आय. कंपनीने १९५०च्या दशकात मुंबईत जोडायला घेतली, आणि पुढे मुलगा उभा, मागे पत्नी आडवी, तिच्या मांडीवर धाकटी, अशी कितीतरी मध्यमवर्गीय बिऱ्हाडे तिने वाहिली. असे वाहन पासष्ट हजारांत दारी येत असेल, तर कोण नाही म्हणेल?

विकणारे गृहस्थ पनवेलचेच, बोलायला गोड. आर. सी. पुस्तक होते, २९ आणि ३० नंबरचे फॉर्म सह्यांनिशी तयार होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे चासीचा नंबर देऊन विचारले, तर तो चोरीच्या यादीत नव्हता. मंडळींनी चाकाखाली लिंबू ठेवले, नारळ वाढवला आणि आम्ही वडाळे तलावाला एक फेरी मारून आलो.

नाव बदलण्यासाठी गाडी आर. टी. ओ.त नेली. चासीच्या नंबरावर कागद धरून वरून पेन्सिल घासतात आणि ठसा घेतात. निरीक्षकांनी ठसा घेतला, पुन्हा वाकून पाहिले आणि म्हणाले, "साहेब, हे आकडे कंपनीने ठोकलेले नाहीत. खाली कानशीचे ओरखडे आहेत."

या धंद्याची रीत मला मग पोलीस चौकीत समजली. भंगारात निघालेल्या एखाद्या गाडीचे खरे कागद मिळवायचे आणि तिचा नंबर चोरीच्या गाडीवर ठोकायचा. कागद खरे, गाडी खरी. दोघांचे लग्न तेवढे खोटे! त्यामुळे यादीत शोधून काय सापडणार? पनवेल भागात २०२१ साली अशीच मोठी भानगड उघडकीस आली होती. पुरात भिजून भंगारात निघालेल्या मोटारी नंबर बदलून विकल्या गेल्या होत्या, आणि पोलिसांनी शंभरावर मोटारी जप्त केल्या.

पण लोखंडाची स्मरणशक्ती दांडगी. आकडा ठोकताना त्याच्या खालचा धातूही खोलवर दबतो. वरचा थर घासला, तरी तो दाब आत राहतो, आणि प्रयोगशाळेत आम्ल लावले की पुसलेला आकडा पुन्हा उमटू शकतो. आमचाही उमटला. त्या नंबराची फिर्याद चार वर्षांपूर्वी पेणकडच्या एका निवृत्त शिक्षकांनी दिलेली होती.

ते आले. त्यांनी गाडीकडे पाहिलेसुद्धा नाही. आधी पुढच्या डबीचे झाकण उघडून आत बोट फिरवले. तिथे लाल ऑइलपेंटने काढलेले लहानसे स्वस्तिक होते. "आमच्या हिने काढलेले. पहिल्या दसऱ्याला," एवढेच म्हणाले. त्या बाई आता नव्हत्या, हे मला त्यांच्या बोटावरून कळले.

कायदा इथे अगदी सरळ आहे. १९३० सालच्या मालविक्री कायद्याच्या २७व्या कलमाप्रमाणे, विकणाऱ्याचा जेवढा हक्क तेवढाच सामान्यतः घेणाऱ्याला मिळतो. चोराचा हक्क शून्य. आणि शून्याला पासष्ट हजारांनी गुणले तरी शून्यच. न कळत घेणारा गुन्हेगार ठरत नाही, पण वस्तू त्याची होत नाही. पैसे मागायचे ते विकणाऱ्याकडे, आणि आमचे गोड गृहस्थ तर पत्ता न ठेवता गेलेले. तो हिशेब पोलिसांकडे चालू आहे. पासष्ट हजार ही आमच्या घरात लहान रक्कम नव्हे. त्यात एका मुलीच्या कॉलेजची वर्षाची फी होती.

कोर्टाच्या हुकुमाने गाडी त्यांच्या ताब्यात मिळाली, त्या दिवशी मास्तरांनी खिशातून पाकीट काढले. "केबली आणि टायर तुम्ही नवे घातलेत. तेवढे तरी घ्या."

"राहू द्या मास्तर," मी म्हणालो. "माहेरी चालली आहे. ओटी भरून पाठवली असे समजा."

त्यांनी किक मारली. माझ्याकडे चौथ्या किकेला सुरू होणारी ती बया त्यांच्या पायाला पहिल्याच किकेत बोलली. रागच आला असता, पण आला नाही.

मंडळी मात्र व्यवहारी. म्हणाल्या, "अहो, पुन्हा घ्याल तेव्हा दुकानातली नवी कोरी घ्या. निदान तिचे माहेर तरी ठाऊक असेल!"