कळ कळली का?

सोमवार ते शुक्रवार मी सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, असा एकदम सुखाचा जॉब! शनिवारी सकाळी मात्र मी ‘टीचर’ असते. पुण्यात कॅम्पजवळच्या एका छोट्याशा क्लासमध्ये परदेशी मंडळींना इंग्लिश शिकवते. येमेन, इराण, अफगाणिस्तान, सुदान... ऑफिसच्या कुठल्याही कॉन्फरन्स कॉलपेक्षा माझा हा वर्ग जास्त इंटरनॅशनल आहे, बॉस!

आता तुम्ही म्हणाल, पुण्याची मराठी मुलगी येमेनच्या माणसाला इंग्लिश शिकवणार ती कुठल्या भाषेतून? गंमत तिथेच आहे. मला अरबी येत नाही, त्यांना मराठी. तारीख, वकील, खुर्ची, हिशेब एवढे शब्द तेवढे थोड्या फार फरकाने आमच्या दोघांच्या घरचे. पण तेवढ्या भांडवलावर काही दुकान चालत नाही. मग उरतं काय? चित्रं, आवाज, व्हिडिओ.

मल्टिमीडिया म्हटलं की लोकांना आधी झगमगाट आठवतो. उडत येणारी अक्षरं, बरोबर उत्तराला तुतारी, चुकलं की रडणारं कार्टून. मला हे सगळं टाइमपास वाटतं. कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी यावर आयुष्य घातलंय. ‘मल्टिमीडिया लर्निंग’ हे त्यांचं पुस्तक २००१चं. त्यांचा फंडा सोपा आहे. नुसत्या शब्दांपेक्षा शब्द आणि चित्र मिळून जास्त शिकता येतं, पण शोभेचा माल जितका कमी तितकं बरं. आवाज चालू असताना तेच वाक्य पडद्यावर लिहू नका, असंही ते सांगतात. परक्या भाषेत मात्र हे तसंच्या तसं लागू होत नाही. ऐकताना शब्द कुठे संपला आणि पुढचा कुठे सुरू झाला हेच कळत नसेल, तर खालची सबटायटल्स देवासारखी धावून येतात. २०००च्या दशकात इंग्लिश मूव्ही चॅनल्सनी खाली इंग्लिश ओळी द्यायला सुरुवात केली, तेव्हा आपल्यापैकी किती जणांना हिरो नेमकं काय पुटपुटतो ते पहिल्यांदा कळलं, आठवा जरा!

बारीकसारीक गोष्टी तर विचारूच नका. अरबीत ‘प’ नाही, त्यामुळे ‘पार्किंग’चं ‘बार्किंग’ होतं. मग गाडीचा फोटो आणि कुत्र्याचा आवाज शेजारी शेजारी ठेवायचे. अरबी उजवीकडून डावीकडे वाचतात. म्हणून ‘आजारी माणूस, गोळी, बरा माणूस’ अशी चित्रं मी आडवी लावतच नाही, वरून खाली लावते. नाहीतर धडधाकट माणूस गोळी घेऊन आजारी पडायचा!

पण मला सांगायचंय ते एका बाईंबद्दल. एडनहून आलेल्या. नवऱ्याच्या मणक्याचं ऑपरेशन इथे होणार होतं. २०१४ पासून पेटलेल्या युद्धात येमेनमधली आरोग्यव्यवस्था कोलमडली, त्यामुळे ज्यांना जमतं ते उपचारांसाठी बाहेरचा रस्ता धरतात. हॉस्पिटलमध्ये दुभाषा होता, पण फक्त दिवसा. आणि दुखणं रात्री वाढतं, हे तुम्हालाही माहीत आहे.

बाईंनी पहिल्याच दिवशी माझं पुस्तक बाजूला सारलं. एअरपोर्ट, हॉटेल, वेदर यांतलं त्यांना काहीच नको होतं. त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला: हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहऱ्यांचा तक्ता. हॉस्पिटलमध्ये यावर बोट ठेवायचं. छान सोय आहे, पण हा तक्ता ‘किती’ दुखतंय एवढंच सांगतो. ‘कसं’ दुखतंय ते नाही. आणि डॉक्टरांना दोन्ही हवं असतं.

रोनाल्ड मेल्झॅक या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने १९७५मध्ये एक प्रश्नावली छापली. तीत दुखण्याचे तब्बल ७८ इंग्लिश शब्द आहेत. ती वाचताना मला आपल्या मराठीचा भलताच अभिमान वाटला. कळ, चमक, सणक, ठणका, रग, आग, मुंग्या... आणि ‘ठसठस’? तो शब्द म्हणजे स्वतःच एक ऑडिओ क्लिप आहे!

मी सहा शब्द निवडले. ‘थ्रॉबिंग’साठी लाल ठिपका, बेसच्या ठोक्याबरोबर लहान-मोठा होणारा. ‘बर्निंग’ला गॅसची शेगडी. ‘टिंगलिंग’साठी ग्लासात ओतलेल्या सोड्याचा क्लोजअप, बुडबुड्यांच्या चुरचुर आवाजासकट. ‘नम’ला बर्फात बुडवलेला हात, ‘शार्प’ला कागदाने कापलेलं बोट. अडलं ते ‘डल एक’पाशी. याचं चित्र काढायचं तरी कसं? दोन दिवस डोकं खाजवल्यावर खालच्या मजल्यावरच्या पाण्याच्या पंपाची घरघर रेकॉर्ड केली. सतत, दबलेली, डोकं उठवणारी. बाईंनी ती ऐकली, डोळे मिटले आणि नवऱ्याच्या कंबरेच्या जागी स्वतःच्या कंबरेवर हात ठेवला. कळलं!

प्रत्येक क्लिप आठ-दहा सेकंदांची. शनिवारी वर्गात, मग सोमवारी आणि गुरुवारी व्हॉट्सअॅपवर पुन्हा, क्रम बदलून. त्यांनी शब्द म्हणून व्हॉइस नोट पाठवायची, मी डब्बा खाताना ऐकायची. माझ्या टीममधल्या लोकांना वाटायचं, हिला कुणीतरी रोज दुखणी सांगतं.

ऑपरेशननंतर चौथ्या रात्री दोन वाजून काही मिनिटांनी त्यांची नोट आली. मी ती सकाळी ऐकली. ‘टीचर, नॉट बेन. टिंगलिंग. लेफ्ट फूट. नाऊ नम.’ ‘पेन’चं ‘बेन’च राहिलं होतं, पण हेच त्यांनी तेव्हा नाइट ड्यूटीच्या नर्सलाही सांगितलं होतं. सहा चेहऱ्यांच्या तक्त्यावर हे दिसलं नसतं. दुखत तर नव्हतंच ना! नर्सने डॉक्टरांना उठवलं, तपासण्या रातोरात झाल्या. पुढचं सगळं डॉक्टरांचं काम, त्यातलं मला काही कळत नाही. एवढंच माहीत आहे की दुभाषा सकाळी नऊला यायचा.

गेल्या शनिवारी दोघंही वर्गात आले, ते वॉकर घेऊन. त्यांच्यासाठी मी मुद्दाम दाराजवळची खुर्ची ठेवली होती. बाईंनी पर्समधून चार पानी बिल काढून माझ्यासमोर ठेवलं आणि एकेका ओळीवर बोट ठेवायला सुरुवात केली. ‘डिपॉझिट’ झालं, ‘कन्झ्युमेबल्स’ला बँडेजचा फोटो मिळाला. पुढची ओळ होती ‘मिसलेनियस चार्जेस’. याचा व्हिडिओ कुणाकडे असेल तर प्लीज पाठवा!