पाच मिनिटांची सरासरी

‘नेट स्लो आहे’ म्हणून फोन आला की लोक आधी स्पीड टेस्ट लावतात. मला तिचा राग येतो. आधीच भरलेल्या लाइनीत ती आणखी भर घालते आणि वर स्वतःच निकाल देते. लाइन किती वापरात आहे हे राउटरलाच विचारावं.

राउटर वेग मोजत नाही, हे नव्या पोरांना पटायला वेळ लागतो. प्रत्येक पोर्टवर आलेले-गेलेले बाइट मोजणारा काउंटर असतो, विजेच्या मीटरसारखा नुसता पुढे पळणारा. दोनदा वाचायचा, वजाबाकी करायची, आठाने गुणून मधल्या सेकंदांनी भागायचं. टोबियास ओटिकर यांचं १९९५चं एमआरटीजी हे आलेख काढणारं सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी हेच करतं. ते लिहायला घेतलं तेव्हा त्यांच्याकडे बाहेर जायला ६४ केबीपीएसची एकच लाइन होती.

काउंटरची एक खोड मात्र ध्यानात ठेवावी. ३२ बिटांचा काउंटर ४२९ कोटींच्या पुढे गेला की शून्यावर येतो. गिगाबिटची लाइन भरून वाहिली तर ३४ सेकंदांतच. मधले फेरे निसटतात आणि आलेख बिनदिक्कत कमी आकडा दाखवतो. म्हणून ६४ बिटांचाच वाचावा.

पण खरी फसवणूक सरासरीची. ठाण्याच्या एका ऑफिसात १०० एमबीपीएसची लाइन. आलेख चाळिशीच्या वर जात नव्हता, तरी अकाउंट्सवाल्यांचे व्हिडिओ कॉल तुटत. दर दहा सेकंदांनी वाचून पाहिलं. डिझाइनवाल्यांची फाइल क्लाउडवर चढताना अपलोड मिनिटभर शंभराला टेकायचा, पुढची चार मिनिटं पंचवीसवर. सरासरी चाळीसच! त्या मिनिटात राउटरमध्ये पॅकेटांची रांग लागायची आणि एरवी आठ मिलिसेकंदांत परतणारा पिंग तीनशेवर जायचा. आलेखात डाउनलोडचा हिरवा डोंगर डोळ्यांत भरतो, अपलोडच्या निळ्या रेघेकडे कोण बघतो?

डेटा सेंटरच्या बिलात महिन्यातले सर्वांत भरलेले पाच टक्के नमुने सोडून देतात, म्हणजे तीस दिवसांतले ३६ तास. बिलापुरतं ठीक आहे. पण माझा फोन वाजतो तो याच तासांत.

ठाण्याच्या त्या ऑफिसात मॅनेजरसाहेबांनी दोनशेच्या लाइनीचं कोटेशन मागवून ठेवलं होतं. मी क्लाउड सिंकला साठची मर्यादा घातली. कॉल तुटायचे थांबले. डिझाइनवाले मात्र अजून कुरकुरतात.