हलवलेली मूर्ती

१

काही कलाकृती आपल्याला आवडत नाहीत; तरीही आपण त्यांच्याकडे पुनःपुन्हा जातो. आवडीनिवडीच्या भाषेत या ओढीचा उलगडा होत नाही आणि समीक्षेची परिभाषाही तिच्यापाशी अडखळते. पॉल बेरी या ब्रिटिश दिग्दर्शकाचा 'द सँडमन' (१९९१) हा जेमतेम दहा मिनिटांचा बाहुलीपट माझ्या बाबतीत अशी कलाकृती ठरला आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यावर पुण्यातल्या एका फिल्म सोसायटीच्या खेळात तो मी प्रथम पाहिला. त्यानंतरच्या वर्षांत किती वेळा पाहिला याची गणती नाही. आणि प्रत्येक वेळी, आता पुन्हा पाहू नये, असेच वाटले.

कथानक सांगण्याजोगे फारसे नाही. रात्र झाली आहे. आई मुलाला झोपायला पाठवते. मुलगा हातात दिवा घेऊन वेड्यावाकड्या जिन्याने वर जातो. पायऱ्या करकरतात, सावल्या लांबतात. तो झोपी जातो तेव्हा चंद्रकोरीसारख्या चेहऱ्याचा आणि पक्ष्यासारख्या हालचालींचा एक प्राणी खोलीत शिरतो, त्याचे डोळे काढून नेतो आणि चंद्रावरच्या आपल्या घरट्यात पिलांना भरवतो. श्रेयनामावली सुरू झाल्यावर रिकाम्या खोबणींची मुले आपल्याला दिसतात. या पटाला १९९३ साली ऑस्करचे नामांकन मिळाले. २००१ साली बेरी अकाली वारला.

भुताखेतांच्या गोष्टींना मी सहसा भीत नाही. नारायण धारपांच्या कादंबऱ्या वाचत आमची पिढी वाढली. त्यांनी रात्री दिवा लावायला लावला हे खरे, पण पुस्तक मिटले की भीतीही मिटत असे. 'सँडमन'ची भीती त्या जातीची नव्हती. तो प्राणी यायच्या कितीतरी आधी, मुलगा पहिली पायरी चढला तेव्हाच, ती सुरू झाली होती. म्हणजे तिचे मूळ घटनेत नव्हते, हालचालीत होते. केवळ एका बाहुलीचे जिना चढणे इतके अस्वस्थ का करते, आणि अस्वस्थ करूनही का बोलावते, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे. त्याचे अर्धे उत्तर मला ग्रंथालयात मिळाले. उरलेले अर्धे घरी मिळाले; ते सांगताना मला संकोच वाटतो, पण ते वगळून हा लेख लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

२

बेरीच्या पटामागे जर्मन लेखक हॉफमन याची १८१६ सालची कथा आहे. साहित्यसिद्धान्ताच्या विद्यार्थ्याला ती बहुधा फ्रॉइडच्या मार्गाने भेटते. 'दास उनहाइमलिशे' या १९१९ सालच्या निबंधात फ्रॉइडने तिचे विवरण केले. या शब्दाच्या पोटात 'हाइम' म्हणजे 'घर' आहे. जे एके काळी घरचे होते, मग दडपले गेले आणि आता परके होऊन परतले, त्याचे भय फ्रॉइडला अभिप्रेत होते. त्याच्याआधी १९०६ साली एर्न्स्ट येंच याने याच विषयावर लिहिले होते. समोरची वस्तू सजीव आहे की निर्जीव, याविषयीची बौद्धिक अनिश्चितता हे अशा भयाचे एक मोठे कारण, असे त्याचे म्हणणे. हॉफमनच्या कथेत ओलिंपिया नावाची यांत्रिक बाहुली आहे आणि नायक नाथानाएल तिला जिवंत समजून तिच्या प्रेमात पडतो. त्यामुळे येंचचे मत या कथेला चपखल लागू पडावे. फ्रॉइडने मात्र ते दुय्यम ठरवले. कथेचे खरे भय बाहुलीत नाही, डोळे गमावण्याच्या धास्तीत आहे, असे सांगून ती धास्ती त्याने आपल्या सुपरिचित खच्चीकरणाच्या सिद्धान्ताशी नेऊन भिडवली.

मी वर्गात वर्षानुवर्षे असे शिकवत आलो की, बेरीने हा वाद फ्रॉइडच्या बाजूने निकालात काढला. त्याने नाथानाएलचे तारुण्य, त्याचे प्रेम आणि वेड, सगळे गाळले. ओलिंपियाला तर पटात जागाच नाही. उरली ती कथेतल्या दाईने लहान मुलांना सांगितलेली गोष्ट, म्हणजे वाळू, डोळे, चंद्र आणि घरटे. मांडणी नीटनेटकी होती आणि उत्तरपत्रिकांत ती मला परतही मिळत असे. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "पण सर, या पटात तर सगळ्याच बाहुल्या आहेत ना?"

या एका वाक्याने माझी मांडणी कोसळली. बेरीने बाहुलीला कथेतून काढले आणि सगळ्या पात्रांनाच बाहुल्या केले. आशयातून हद्दपार केलेला येंच माध्यमातून परत आला होता.

हे माध्यम नेमके काय करते, ते जरा थांबून पाहिले पाहिजे. चित्रपटात एका सेकंदात चोवीस चौकटी सरकतात. स्टॉप मोशनमध्ये बाहुली एका स्थितीत ठेवून एक किंवा दोन चौकटी टिपतात, मग तिला किंचित हलवून पुढच्या टिपतात. जिवंत नटाने हात उचलला, तर प्रत्येक चौकटीत त्या हाताची आकृती थोडी पुसट उमटते. तो पुसटपणा म्हणजे काळाने त्या चौकटीवर ठेवलेली खूण. बाहुलीपटाच्या चौकटीत ही खूण नसते, कारण टिपताना बाहुली खरोखरच निश्चल असते. आपल्या डोळ्याला गती मिळते, गतीची खूण मिळत नाही. 'ड्रॅगनस्लेयर' (१९८१) या चित्रपटासाठी तंत्रज्ञांनी चौकट टिपली जात असतानाच यंत्राने बाहुली हलवून हा पुसटपणा मुद्दाम निर्माण केला. उपाय पाहिला की व्याधी कळते.

म्हणून येंचच्या 'अनिश्चितते'तही दुरुस्ती करावी लागते. बाहुलीपट पाहताना आपण अनिश्चित नसतो. ती वस्तू निर्जीव आहे हे आपल्याला निश्चित माहीत असते आणि ती हलते आहे हे आपण निश्चितपणे पाहत असतो. दोन संशय असते तर मन एकाची निवड करून मोकळे झाले असते. दोन निश्चितींपुढे त्याला तशी सोय राहत नाही.

यामुळेच या जातीच्या लघुपटांना राक्षसांची गरज पडत नाही. क्वे बंधूंच्या 'स्ट्रीट ऑफ क्रोकोडाइल्स' (१९८६) या पटात धुळीने माखलेल्या फळ्यांतून स्क्रू आपोआप फिरत बाहेर येतात आणि घरंगळत निघून जातात. कोणी कोणाला मारत नाही, तरी अंगावर काटा येतो. यान श्वांकमायर या प्रागच्या कलावंताच्या 'डायमेन्शन्स ऑफ डायलॉग' (१९८२) मध्ये मातीची दोन मस्तके समोरासमोर येऊन तोंडातून वस्तू बाहेर काढतात. एकाने ब्रश काढला की दुसरे त्यावर पेस्ट पिळते. एकाने पाव काढला की दुसरे त्याला लोणी लावते. पुढे जोड्या चुकू लागतात, बुटावर लोणी येते, आणि शेवटी दोन्ही मस्तके धापा टाकत तडकलेली उरतात. भरताने भयानक रसाच्या विभावांत घुबडे, कोल्हे, ओसाड घरे, अरण्ये अशी मोठी यादी दिली आहे. तीत स्क्रू आणि बुटाला स्थान मिळण्याचे कारण नव्हते. येथे विस्मय आणि भय असे एकमेकांत मिसळतात की, अद्भुत कोठे संपतो आणि भयानक कोठे सुरू होतो, हे सांगता येत नाही.

येथपर्यंतचे सगळे ग्रंथालयातले.

३

मी मूळचा पेणचा. माझे वडील गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करीत. श्रावणात कामाची घाई असे आणि शाळा सुटल्यावर त्यांचा डबा पोचवण्याचे काम माझ्याकडे असे. फळ्यांवर मूर्ती रांगेने मांडलेल्या असत. अंगाचा रंग, सोवळे, दागिने सगळे झालेले. डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा फुगवटा. त्या आंधळ्या रांगांची मला भीती वाटत नसे. भीती वाटे ती एकच डोळा आखून झालेल्या मूर्तीची. वडील उजव्या हाताची करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवत, श्वास रोखत आणि बारीक कुंचल्याने पापणीची रेघ एका दमात ओढत. "हात हलला की देव गेला," असे ते म्हणत. ते बोलणे तत्त्वज्ञानाचे नव्हते. एक मूर्ती वाया जाण्याचा हिशेब होता.

चतुर्थीला घरी प्राणप्रतिष्ठा होई. गुरुजी सांगतील तसा वडील मूर्तीच्या हृदयाशी हात ठेवत. विसर्जनाच्या दिवशी उत्तरपूजा झाली, अक्षता वाहिल्या, की ते दोन्ही हातांनी मूर्ती जागची किंचित हलवत. त्या हलवण्याने मूर्तीतले देवत्व गेले असे मानायचे. त्यानंतर ती पाण्यात सोडायला हरकत नाही.

मूर्ती हलवण्याची ही कृती मी लहानपणापासून पाहिली होती. पडद्यावर मूर्ती किंचित हलवली की तिच्यात प्राण येतो. आमच्या देवघरात ती किंचित हलवली की प्राण जातो. हा उलटा संबंध माझ्या ध्यानात यायला पन्नाशी उलटावी लागली.

४

२००४च्या सुमारास वडिलांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. कंपवाताचे निदान झाले. आखणी त्याच श्रावणात थांबली. आम्ही त्यांना माझ्याकडे पुण्याला आणले. पुढच्या काही वर्षांत कंपापेक्षा ताठरपणा वाढला. चेहऱ्याचे स्नायू आखडून त्यावरचे भाव विरत गेले. आत माणूस पूर्वीसारखाच होता. विनोद कळत होता, पण हसू चेहऱ्यापर्यंत पोचत नव्हते. चालताना पाय मध्येच जमिनीला चिकटल्यासारखे थांबत, आणि विशेषतः उंबरठ्याशी थांबत.

एका रात्री मी बाहेरच्या खोलीत वाचत बसलो होतो. मधल्या अंधाऱ्या बोळातून ते येताना दिसले. एक पाऊल, थांबले. दुसरे पाऊल, थांबले. दोन पावलांच्या मध्ये संपूर्ण निश्चलता. मग उंबरठ्याशी येऊन ते उभे राहिले, निर्विकार चेहऱ्याने, एक पाय अर्धवट उचललेला. आणि मला 'सँडमन'चा जिना आठवला.

मी घाबरलो. एवढेच झाले असते तर ते लिहायचे कारण नव्हते. पण त्या भीतीबरोबरच माझ्यातला प्रेक्षक जागा झाला. किती वेळ, ते सांगता येणार नाही. काही क्षण असतील. तेवढा वेळ मी वडिलांकडे पाहत राहिलो, ज्या एकाग्रतेने पडदा पाहतात त्या एकाग्रतेने. उठलो नाही. रसानुभवाला स्व-परभावाच्या पलीकडचा म्हणणारी आपली मीमांसा मी वर्गात आदराने शिकवत होतो. ती माझ्या घराच्या बोळात अशा रूपाने येऊन उभी राहील, याची मला कल्पना नव्हती. वडील म्हणाले, "जरा हलव रे मला." तेव्हा मी उठलो.

पुढची वर्षे मी त्यांना हलवत राहिलो. व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवायला सांगितले होते. डोळ्यांपुढे रेघ दिसली की अडलेला पाय ती ओलांडू शकतो. गंमत अशी की, जन्मभर रेघा आखलेल्या माणसासाठी आता मी रेघा आखत होतो. पट्ट्यांनी काम भागले नाही, तर मी खाली बसून त्यांचा पाय उचलून पुढे ठेवी. सदरा घालताना कोपर थोडे वळवायचे, थांबायचे, पुन्हा थोडे वळवायचे. घाई केली की स्नायू आणखी ताठरत. अंगाचा प्रत्येक सांधा किती हलतो, हे माझ्या बोटांना पाठ झाले.

५

२०११ साली वडील गेले. काही महिन्यांनी मी 'सँडमन' पुन्हा पाहिला. जिना तोच होता आणि भीतीही तशीच सुरू झाली. पण या वेळी बाहुलीबरोबर मला आणखी काही जाणवत होते. दर दोन चौकटींच्या मध्ये कोणीतरी आले होते, त्या मुलाचा गुडघा बोटांनी धरून किंचित वळवून गेले होते. दोन-दोन चौकटींचा हिशेब धरला तर दहा मिनिटांत सात हजारांहून अधिक स्थिती होतात. 'किंग काँग' (१९३३) मधल्या वानराच्या अंगावरची लव पडद्यावर सतत विस्कटताना दिसते. दोन चौकटींच्या मध्ये त्याला हलवणाऱ्यांची बोटे फिरत होती, त्यांच्या त्या खुणा आहेत. एरवी मात्र हा हात पडद्यावरून पूर्णपणे पुसलेला असतो. कळसूत्री बाहुलीची दोरी निदान दिसते; सूत्रधार वर आहे, हे दोरी सांगते. येथे दोरी काळाच्या फटीत लपवलेली आहे.

समोरचे जिवंत आहे काय, असे येंचने विचारले. आपण काय गमावू, असे फ्रॉइडने विचारले. या पुतळ्याला हलवले कोणी, हे दोघांनीही विचारले नाही, आणि इतकी वर्षे मीही नाही. माझ्यापुरते म्हणायचे तर, या पटांची भीती आणि त्यांची ओढ एकाच ठिकाणाहून येते. आपण तेथे एका स्पर्शाचा परिणाम पाहतो आणि स्पर्श करणारा मात्र काढून घेतलेला असतो. अतिशय सावकाश, अतिशय काळजीने केलेल्या कामातून करणारा वजा केला की जे उरते, ते असे दिसते. त्या रात्री बोळात वडील मला तसे दिसले, कारण मी खुर्चीत बसून होतो.

या स्पष्टीकरणाने 'सँडमन' सौम्य झाला, असे मात्र नाही. डोळे नेणारा तो प्राणीही आपल्या पिलांना प्रेमानेच भरवतो. हलवणारा हात देणाराच असतो, असा दिलासा हा पट देत नाही आणि आमचे देवघरही देत नाही.

वडील गेल्यानंतरच्या वर्षी घरचा गणपती माझ्याकडे आला. मूर्ती पेणहूनच आणली होती. डोळे कोणीतरी चांगले आखले होते. उत्तरपूजा झाली, अक्षता वाहिल्या. गुरुजी म्हणाले, "आता मूर्ती हलवा." मी दोन्ही हात लावले. किती हलवायची असते, हे वडिलांना विचारायचे राहूनच गेले होते.