निळा पडदा

कॉलेजच्या प्रवेश-अर्जावर ‘पालकाचा व्यवसाय’ असा एक रकाना असतो. दोन वर्षे मी त्यात ‘ड्रायव्हर’ असे लिहीत आले. अप्पा दुसऱ्याचा टेम्पो चालवतात. कधी द्राक्षे, कधी खताची पोती, सरायीत वऱ्हाड. ड्रायव्हर या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे, हे मला २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत कळले, आणि चांगलेच कळले.

आमच्या तालुक्याच्या गावी एस. टी. स्टँडच्या मागे एक छापखाना आहे. बारावीच्या परीक्षेनंतर मी तिथे मराठी टायपिंगला जाऊ लागले, ती अजून जाते. लग्नपत्रिका, बिलबुके, दुकानाच्या उद्घाटनाची निमंत्रणे, निवडणूक असली तर पत्रके, असे सारे काम. त्या पगारात माझी परीक्षेची फी आणि पुस्तके भागतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे फी कशाची, किती आणि का, हे घरी समजावून सांगण्यापेक्षा ती आपणच भरून टाकणे सोपे पडते.

छापखान्याचे मालक, ज्यांना सारा गाव काकाच म्हणतो, मूळचे कंपोझिटर. वयाच्या सोळाव्या वर्षापासून त्यांनी खिळे जुळवले. उलटे अक्षर सुलटे वाचण्याची त्यांची सवय अजून गेलेली नाही. ट्रेडल मशीन गेले, संगणक आला, तेव्हा शिशाचे सगळे खिळे त्यांनी भंगारात घातले. “टायपाच्या चार केसेस होत्या पोरी,” ते मला एकदा म्हणाले, “एकेक अक्षर ओळखीचं. मोडीवाल्यानं किलोवर नेली.” त्यानंतर पन्नाशीला टेकलेला तो माणूस पेजमेकर शिकला. तो संगणक २००६ सालचा. त्यावर विंडोज एक्सपी, पेजमेकरची सातवी आवृत्ती, मराठी फाँट आणि मागच्या पॅरलल पोर्टला लावलेले एक बोटभर लांबीचे कुलूप. त्याला डाँगल म्हणतात. ते लावल्याशिवाय मराठी अक्षर उमटत नाही.

दिवाळीच्या आधी आठ दिवस त्या संगणकाचा मदरबोर्ड जळाला. तुळशीचे लग्न तोंडावर आले होते, आणि तुळशीचे लग्न लागले की माणसांची लागतात. सतरा पत्रिकांचे आगाऊ पैसे काकांनी घेतलेले होते.

पहिला सल्ला सर्वांनी दिला तो असा, की भंगार फेका आणि नवे घ्या. सल्ला चुकीचा नव्हता. पण नवे सॉफ्टवेअर आणि नवे फाँट यांची किंमत म्हणजे काकांच्या दोन सरायांची कमाई. शिवाय अठरा वर्षांचे काम जुन्या फायलींत. आमच्याकडे थोरल्याच्या लग्नाची पत्रिका असते तशीच धाकट्याच्या लग्नाला हवी असते. शेवटी काकांनी सांगलीहून एक जुना, ऑफिसातून निघालेला संगणक आणला. त्याला मागे पॅरलल पोर्ट होते, म्हणूनच तो घेतला. जुनी हार्ड डिस्क काढून त्यात बसवली की झाले, अशी सगळ्यांची समजूत.

बटण दाबले. एक्सपीचे ओळखीचे चित्र आले, खालची पट्टी सरकू लागली, आणि क्षणभर निळा पडदा चमकून संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. पुन्हा चित्र, पुन्हा पट्टी, पुन्हा निळे. काका उठून बाहेर गेले आणि चहा सांगून आले. एवढेच.

त्या निळ्या पडद्यावर काय लिहिले आहे ते वाचायलाही सवड मिळत नव्हती. सुरू होताना एफ-आठ ही कळ दाबली की एक यादी येते. तीत ‘बिघाड झाल्यास आपोआप पुन्हा सुरू करू नका’ अशा अर्थाची एक ओळ असते. ती निवडल्यावर पडदा थांबला. शेवटी शून्य-शून्य करीत ‘७बी’ असा आकडा होता, आणि वर इंग्रजीत लिहिले होते, की ज्या डिस्कवरून सुरू व्हायचे तीच हाती लागत नाही.

इथे मला पहिले कोडे पडले. डिस्क हाती लागत नाही, तर मग ते चित्र आणि ती पट्टी कुठून आली? ती तर त्याच डिस्कवर होती!

याचे उत्तर मला वाचून वाचून मिळाले ते असे. संगणकाचा मेंदू डिस्कशी थेट बोलत नाही. मध्ये कंट्रोलर नावाचा एक मध्यस्थ असतो. संगणक सुरू होताना बायॉस नावाची अंगभूत व्यवस्था त्या मध्यस्थाशी बोलून डिस्कवरचा सुरुवातीचा भाग वाचून देते. पण विंडोज एकदा उभी राहिली की ती बायॉसचा हात सोडते आणि सारा कारभार आपल्याकडे घेते. त्या वेळी या कंट्रोलरशी कसे बोलायचे हे सांगणारा छोटा प्रोग्राम तिच्यापाशी असावा लागतो. त्यालाच ड्रायव्हर म्हणतात. आमच्या डिस्कवरच्या एक्सपीला जुन्या मदरबोर्डच्या कंट्रोलरची भाषा येत होती. नव्याचा कंट्रोलर एएचसीआय नावाच्या पद्धतीने बोलणारा. एक्सपी बाजारात आली ऑक्टोबर २००१ मध्ये आणि एएचसीआयची नियमावली तयार झाली २००४ मध्ये. आजोबांना न जन्मलेल्या नातवाचे नाव कसे ठाऊक असणार? दोष कोणाचाच नव्हता.

हे मी रात्री जेवताना घरी सांगत होते. “सगळं अडलंय ते ड्रायव्हरपायी,” मी म्हणाले.

आई भाकरी थापता थापता थांबली. “एवढं टेम्पोवाल्यांचं गाव, आणि ड्रायव्हर मिळंना व्हय?”

अप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी सगळे नीट ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हणजे घाटाच्या पायथ्यापतुर गाडी दुसऱ्यानं आणून दिली, आणि घाट चढायला आपला माणूस न्हाय. आसंच ना?” अगदी तसेच होते. मी तीन दिवस वाचून जे समजून घेतले, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. दहावी नापास माणूस आणि कॉलेजात शिकणारी मुलगी यांच्यात पुस्तकी विषयावर झालेले आमचे ते पहिले बोलणे.

आता उपाय. यातला सोपा उपाय असा, की बायॉसमध्ये जाऊन कंट्रोलरला ‘जुन्या आयडीई पद्धतीने बोल’ असे सांगायचे. पुष्कळ संगणकांत ही सोय असते. आमच्या संगणकाच्या बायॉसमध्ये ती ओळच नव्हती.

दुसरा उपाय एक्सपीच्या सीडीतच होता. सीडीवरून संगणक सुरू केला की सुरुवातीला पडद्याच्या तळाशी काही सेकंद एक ओळ दिसते, की वेगळा ड्रायव्हर द्यायचा असल्यास एफ-सहा दाबा. दाबली. सीडीने थोड्या वेळाने ड्रायव्हरची डिस्क मागितली, पण ती ‘ए’ ड्राइव्हमध्येच, म्हणजे फ्लॉपीत! एक पूर्णांक चव्वेचाळीस शतांश एमबी मावणारी ती चौकोनी चकती आमच्या वर्गातल्या कित्येकांनी फक्त ‘सेव्ह’च्या चित्रात पाहिली असेल. काकांच्या खणात दोन फ्लॉप्या निघाल्या, जुना फ्लॉपी ड्राइव्हही निघाला. पण नव्या मदरबोर्डावर त्याची केबल लावायला जागाच नव्हती. पेनड्राइव्ह दाखवला तर सीडी त्याकडे ढुंकून पाहीना. म्हणजे डिस्क वाचायला ड्रायव्हर हवा, तो द्यायला फ्लॉपी हवी, आणि फ्लॉपीला दारच नाही.

राहिला तिसरा उपाय, तो म्हणजे ड्रायव्हर सीडीच्या पोटातच घालून नवी सीडी तयार करणे. त्यासाठी एनलाइट नावाचा एक प्रोग्राम आहे. पण त्याआधी आपला कंट्रोलर नेमका कोणता हे ठाऊक हवे, कारण ड्रायव्हरच्या यादीत एकसारखी दिसणारी डझनभर नावे असतात. नाव विचारायचे कोणाला? विंडोज तर सुरूच होत नाही. इथे लिनक्स कामी आली. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केली, आणि गंमत अशी, की तिने ती डिस्क एका दमात वाचली. अठरा वर्षांच्या पत्रिका जागच्या जागी होत्या. काकांनी खुर्ची पुढे ओढली. मी आधी सगळ्या डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढली आणि मगच पुढे सरकले. लिनक्समध्ये एक आज्ञा दिली की प्रत्येक भागाचा क्रमांक कळतो. आमच्या कंट्रोलरचा होता ८०८६, २९२२. यातला ८०८६ हा इंटेल कंपनीचा आकडा, आणि २९२२ हा त्या कंट्रोलरचा. ड्रायव्हरच्या फायलींत हाच आकडा आयसीएच-नऊ या नावापुढे सापडला. गर्दीत वऱ्हाडाचा टेम्पो नंबरप्लेटवरून ओळखावा तसे वाटले.

सीडी तयार करायला आपल्या कॉलेजच्या संगणक-कक्षाचा उपयोग झाला. सुट्टी असूनही तिथल्या दादांनी दार उघडले. “आर्ट्सवाल्यांना हे काय काम?” असे त्यांनी विचारले खरे, पण कोऱ्या दोन सीड्या त्यांनीच दिल्या. पहिली सीडी काकांच्या झिजलेल्या ड्राइव्हने वाचली नाही. दुसरी कमी वेगाने लिहिली, ती वाचली.

मग ती शेवटची पायरी. एक्सपीच्या सीडीत दुरुस्तीसाठी ‘आर’ ही कळ दोनदा येते. पहिल्या वेळी ती नुसत्या आज्ञांच्या काळ्या पडद्यावर नेते, ती सोडायची. पुढे एन्टर, मग एफ-आठने करार मान्य, आणि तेव्हा सीडी डिस्कवरची जुनी विंडोज शोधते. याच ठिकाणी आजवर ‘हार्ड डिस्क सापडली नाही’ असे येत होते. या वेळी डिस्क दिसली, तिच्यावरची जुनी विंडोजही दिसली. आता दुसऱ्यांदा ‘आर’. असे केले म्हणजे विंडोज नव्याने बसते, पण पेजमेकर, फाँट, फायली जागेवर राहतात. पाऊण तास आम्ही दोघे पडद्याकडे पाहत होतो. पट्टी सरकली आणि सरकतच राहिली. काकांनी डाँगल लावले, एक जुनी पत्रिका उघडली आणि ‘श्री गणेशाय नमः’ स्पष्ट मराठीत दिसले.

“झालं,” काका म्हणाले. मग बऱ्याच वेळाने म्हणाले, “खिळे विकले तेव्हा असं कोणी नव्हतं बघ.”

सतराही पत्रिका वेळेवर गेल्या. त्या संगणकाची इंटरनेटची तार आम्ही काढून ठेवली आहे, कारण एक्सपीचे सुरक्षेचे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी बंद झाले. असा संगणक उघड्यावर ठेवणे म्हणजे कडी नसलेले घर.

पण माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नाही. काकांच्या फायलींत आमच्या तालुक्याच्या वाचनालयाची जुनी स्मरणिका आहे. तिच्यात म्हाताऱ्या सभासदांनी सांगितलेल्या आठवणी आहेत: दुष्काळाच्या, पहिल्या एस. टी.च्या, पहिल्या मुलींच्या शाळेच्या. छापील प्रती वाळवीने खाल्ल्या. ती फाइल मी नव्या संगणकावर नेऊन पाहिली, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःची जागा आहे. पण आपल्याकडचे जुने फाँट इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठी अक्षरे बसवीत, आणि तीही प्रत्येक जण आपापल्या रीतीने. तो फाँट गेला की मजकूर मुका. मोडी वाचणारी माणसे कमी झाली तशी किती दप्तरे बांधून पडली, हे इतिहासाच्या तासाला सर सांगतात. मला वाटे, ती फार जुनी गोष्ट. इथे माझ्या जन्माच्या थोडे आधीचा मजकूर एका बोटभर डाँगलवर आणि एका जुन्या कंट्रोलरच्या ड्रायव्हरवर जीव धरून आहे. आम्ही यंत्र वाचवले हे खरे, पण ते किती वर्षांसाठी?

म्हणून दर रविवारी मी ती स्मरणिका युनिकोडमध्ये आणते आहे. रूपांतर करणारे प्रोग्राम आहेत, पण रफार आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. ओळ न् ओळ वाचून दुरुस्त करावी लागते. काका शेजारी बसून प्रूफ तपासतात. अठ्ठेचाळीस पानांपैकी एकोणीस झाली आहेत. मित्रमैत्रिणींनो, तुमच्याही गावात असा एखादा छापखाना, असा एखादा जुना संगणक असेल. तो अजून सुरू होतो आहे तोवर एकदा जाऊन त्यात काय आहे ते पाहा. आणि ज्यांना मराठी टायपिंग येते, त्यांनी रविवारी दहानंतर स्टँडमागच्या छापखान्यात यावे. खुर्च्या दोन आहेत, पण बाकडे मोठे आहे.

— द्वितीय वर्ष, कला