आत्याची गुलाबी भिंत

आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग मानतात. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातील ऊन फार कडक. म्हणून तिकडची जुनी घरे जाड मातीच्या भिंतींची, धाब्याची आणि मोजक्या खिडक्यांची असत. आत गारवा असे. पण अंधारही असे. दिवाळीपूर्वी भिंती पांढऱ्या मातीने पोतारीत. ज्याच्या घरी चुन्याची सफेदी होई, तो सुखवस्तू समजला जाई. रंगाची हौस म्हणजे देवळीभोवती गेरूची एक रेघ!

१९७१ साली, मी पाचवीत असताना, आमच्या आत्याने माजघराची भिंत गुलाबी करण्याचे ठरविले. फिकट गुलाबी नव्हे. बाजारात ज्याला राणी रंग म्हणतात, तो. आत्या ऐन तारुण्यात विधवा झाली होती. तिला कुंकू वर्ज्य होते, रंगीत लुगडेही वर्ज्य होते. एक वृद्ध शेजारीण मुद्दाम येऊन म्हणाली, "हा रंग तुले शोभते का माय?"

आत्या कळीचा चुना भिजवीत होती. मान वर न करता ती म्हणाली, "रंग भिंतीले लावायचा हाये, मले नाही."

दुसऱ्या दिवशी वडिलांनी मलकापूरहून रंगाची पूड आणून मुकाट्याने तिच्यापुढे ठेवली.

चुना भिजताना पाहण्यासारखा असतो. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. त्यावर पाणी पडताच तो फुसफुसतो, फुटतो आणि पाणी उकळू लागते. मुलांनी दूरच उभे राहावे. शिंतोडा डोळ्यांत गेला तर मोठी इजा होते. भिंतीवर लावल्यावर हाच चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडीसारखा कठीण बनतो. चुना तीव्र असल्याने सगळेच रंग त्यात टिकत नाहीत. हळद तर चुन्याने लाल होते. कुंकू असेच तयार करीत. शिवाय चुन्यातला रंग ओला असता गडद दिसतो आणि वाळल्यावर फिका पडतो. म्हणून आत्याने आधी दारामागे चार बोटे रंग लावला, तो वाळू दिला आणि मगच आणखी पूड कालविली. घाईच्या रंगाऱ्यांनी हे शिकून घ्यावे.

तिने चारही भिंती रंगविल्या नाहीत. समोरासमोरच्या भिंती गडद असल्या, की उजेड एकीवरून दुसरीवर जाता जाता छटा दाट होते आणि डोळे शिणतात. दारासमोरची एकच भिंत तिने गुलाबी केली. बाकीच्या पांढऱ्या ठेवल्या.

गुलाबी रंग इतरत्र मोठ्या थाटाने मिरवला आहे. १८७६ साली इंग्लंडच्या युवराजांच्या स्वागतासाठी महाराजा रामसिंहांनी जयपूर शहर गुलाबी करविले. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा तालुक्यातल्या भिंतघरची घरे गावकऱ्यांनी गुलाबी रंगविली. त्याला आता 'गुलाबी गाव' म्हणतात. ते रंग येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतात. आत्याची भिंत माजघरातली. ती घरच्यांनाच दिसे.

सकाळी दारातून ऊन थेट त्या भिंतीवर येई. आत्या भिंतीजवळ ज्वारी निवडीत बसे. भिंतीवरून परतलेला उजेड तिच्या पांढऱ्या लुगड्यावर पडे आणि पदरापासून निऱ्यांपर्यंत ते गुलाबी दिसे. पुढेपुढे ती वृद्ध शेजारीणही आपले सूप घेऊन तेथेच येऊन बसू लागली.