मोहाखालच्या म्हशी

मोहाच्या झाडाखाली माणसांच्या आधी म्हशी पोचल्या होत्या. फाल्गुन वद्यातली पहाट. मित्र आणि मी कळंबाबाहेरच्या टेकडीची पायवाट चढत होतो, आणि वर सपाटीच्या काठाशी, पाने झडून गेलेल्या सागांच्या करड्या खोडांआड, पाचसहा काळ्याभोर आकृती माना खाली घालून भुईवरचे काहीतरी वेचून खात असलेल्या दिसल्या. मागे पूर्वेचे आकाश फटफटू लागलेले असल्यामुळे प्रथम डोळ्यांत भरली ती त्यांची शिंगे : लांब, चपटी, कपाळाच्या दोन्ही अंगांनी निघून मानेला लगटत थेट खांद्यांपर्यंत मागे गेलेली, म्यानातून उपसलेल्या तलवारींसारखी. झाडावरून मोहफुले एकेक करून गळत होती आणि त्या ती परम समाधानाने खात होत्या. टोपली घेऊन आलेली एक वृद्ध कोलाम बाई काटकी उगारून त्यांना दटावीत होती, पण एकीच्या कानावरूनही ते जात नव्हते.

"मोहाचा वास लागला का थ्या दावं तोडून येतेत गा," मित्र म्हणाला. त्याचा सारा जन्म याच मुलखात गेलेला असल्याने त्याला यात नवल असे काहीच वाटले नाही. मी मात्र तिथेच थबकलो. कारण या म्हशींशी माझी ओळख फार जुनी, आणि ती झाली होती एका ग्रंथाच्या पानावर.

अकबराच्या साम्राज्याची जमाबंदी, फौजफाटा, मुदपाकखाना, टांकसाळ आणि सुभ्यासुभ्याचे वर्णन ज्यात अबुल फजलने एकत्र केले, त्या 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे प्रकरण आहे, आणि त्या सुभ्याच्या सरकारांत कळंब हेही एक सरकार आहे. चांदबीबीने 1596 साली वऱ्हाड मुघलांच्या हवाली केले, तेव्हा त्याबरोबर हे गावही मुघलांच्या दप्तरात दाखल झाले. आज यवतमाळहून नागपूरला जाणारा प्रवासी ज्या गावात चहापुरता थांबतो, त्या गावाच्या नावाने एके काळी परगणेच्या परगणे ओळखले जात, तेथे महसुलाचे हिशेब जमत, ही गोष्ट कळंबकरांच्याही फारशी बोलण्यात येत नाही. अबुल फजल लिहितो की हे एक प्राचीन आणि महत्त्वाचे नगर आहे, आणि ते आपल्या म्हशींसाठी प्रसिद्ध आहे.

हे वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो. त्याच्या आसपास काय काय आहे ते पाहावे : गोंड जमीनदार बाबजी, ज्याच्या हाताखाली एक हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळ असल्याचे नमूद आहे, वैरागडची हिऱ्यांची खाण, पलीकडे लोणारचे सरोवर, ज्याच्या क्षारांतून काच आणि साबण बनवण्याची सामग्री मिळते म्हणून सांगितले आहे, गाविलगड आणि नरनाळा हे दुर्गम किल्ले. या वैभवाच्या यादीत, हिऱ्यांच्या आणि घोडेस्वारांच्या पंक्तीला, कळंबची म्हैस येऊन बसते, आणि तिला तेथे बसवताना त्या राजदरबारी विद्वानाला यत्किंचितही संकोच वाटलेला दिसत नाही. कोण्या अनामिक कारकुनाने ही माहिती वर पाठवली असेल? तो कोणी कानुगो असेल, देशपांडे असेल. सरकारी फर्मान आले असेल की आपल्या मुलखात नामांकित असे काय आहे ते कळवा. आणि त्याने कचेरीच्या ओसरीतून बाहेर पाहिले असेल, तेव्हा चक्रावती नदीच्या डोहातून संध्याकाळी निथळत बाहेर येणारा हा कळप त्याच्या दृष्टीस पडला असेल. त्याने राजाचे नाव लिहिले नाही, मंदिराचे लिहिले नाही, आपल्या मालकाची स्तुती केली नाही. त्याने म्हैस लिहिली. त्या माणसाविषयी मला जो आदर वाटतो तो मी अनेक मोठ्या इतिहासकारांविषयीही बाळगू शकलेलो नाही. बाबजीचे चाळीस हजार पायदळ नाहीसे झाले, सुभा गेला, निजामाने 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवले, जिल्ह्याचे ठाणे यवतमाळला बसले, आणि सरकार असलेले कळंब तालुक्याचे गाव होऊन राहिले. पण ती शिंगे जशीच्या तशी, पिढ्यान्‌पिढ्या मागे वळत, या टेकडीवर येऊन पोचली आहेत. पशुशास्त्राच्या पुस्तकांत या जातीला नागपुरी म्हणतात. कोणी एलिचपुरी, कोणी वऱ्हाडी म्हणतात. माझ्यापुरती ती कळंबीच आहे.

म्हशी अखेर हलल्या आणि कोलाम बाई फुले वेचायला बसली. झाडाखालचा पाचोळा तिने आधीच झाडून ठेवला होता. मोह रात्री फुलतो, वटवाघळे त्याच्यावर येतात, आणि उजाडण्यापूर्वी ती रसरशीत, पिवळसर, गोड फुले भुईवर पडतात. सूर्य वर आला की त्यांचा ओला सुगंध जड होत जातो. वसंतवर्णन करणाऱ्या आपल्या लेखकांनी पळसाचे फार कौतुक केले आहे आणि समोरच्या उतारावर तोही पेटल्यासारखा फुलला होता, हे खरे. पण जो डोळ्यांना एवढ्या मोठ्याने हाक मारतो त्याच्यापेक्षा जो अंधारात गळून कुणाच्या तरी घरची टोपली भरतो, तो वृक्ष मला अधिक प्रिय आहे. आणि या फुलांवरही सरकारची नजर होतीच : मुंबई इलाख्यात ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी 1892 साली मोहफुलांवर निर्बंध घालणारा स्वतंत्र कायदाच झाला होता. झाडाने टाकून दिलेले फूल उचलणे हा अपराध ठरावा, यासारखी क्षुद्र राजनीती दुसरी नसेल.

माथ्यावर बेसाल्टच्या काळ्या चिपांमधून वाळलेले गवत कमरेइतके उभे होते. गवत पाहिले की यवतमाळ जिल्ह्यात लोकनायक अणे आठवावेत, हे ओघाने आलेच. 10 जुलै 1930 रोजी पुसदला राखीव जंगलातले गवत कापून त्यांनी कायदेभंग केला, आणि पुढे याच जिल्ह्यातल्या वणीच्या या सुपुत्राने टिळकांवर संस्कृत महाकाव्य रचले. ज्या हाताने विळा धरला त्याच हाताने श्लोक लिहिले, याचा मला फार आनंद होतो. खाली शेतांतून पऱ्हाट्या उपटून ढीग घातलेले दिसत होते. मित्राने सांगितले की गावातल्या म्हशी कमी होत चालल्या आहेत. गायरान आक्रसले, ढेप परवडत नाही, आणि पोरांना धुऱ्यावर बसायचे नाही. हे ऐकून मला अतिशय दुःख झाले. एका गावाची चारशे वर्षांची कीर्ती एखाद्या बाजाराच्या दिवशी विकली जावी, याला काय म्हणावे?

उन्हे तापल्यावर आम्ही खाली उतरलो आणि चिंतामणीच्या दर्शनाला गेलो. येथे देवाकडे जाताना पायऱ्या चढत नाहीत, उतरतात. गाभारा जमिनीच्या पोटात आहे, मूर्ती दक्षिणाभिमुख, आणि जवळच कुंड. गौतमाच्या शापातून सुटण्यासाठी इंद्राने हा गणपती स्थापिला, अशी कथा आहे, आणि सुमारे बारा वर्षांनी कुंडातले पाणी आपसूक चढत येऊन देवाच्या चरणांना लागते, अशी लोकांची श्रद्धा आहे. मित्र लहान असताना पाणी असेच आले होते. दमण्या आणि रेंग्यांची रांग गावाबाहेरपर्यंत लागली होती, आणि बापाच्या खांद्यावर बसूनही त्याला दिसली ती फक्त पागोटी. "बाप आत जाऊन आला, अन् मंग त्यानं मले सारं सांगतलं," तो म्हणाला. मग रेंगीला कोणते बैल जुंपले होते, त्यांच्या घुंगुरमाळा कोठून आणल्या होत्या, त्यांतला डावा पुढे कोणाला विकला, हे तो सांगत राहिला, आणि यवतमाळची गाडी लागली तरी ते बोलणे संपले नव्हते.