ठिपक्यांचा हिशेब

मृगाचा पाऊस झाला की वाशिम जिल्ह्यात रिसोडपासून कारंज्यापर्यंत सोयाबीनची पेरणी सुरू होते. पुढे रोप उपटून पाहिलं तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. कापल्या तर आत गुलाबी. या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पिकाला देतात, म्हणून पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम लावतात. पण हवेत ७८ टक्के नायट्रोजन असताना पिकाला तो थेट का घेता येत नाही? याचं उत्तर आठवी-नववीच्या वहीत पेन्सिलीने काढलेल्या दहा ठिपक्यांपासून सुरू होतं. नायट्रोजनच्या सर्वांत बाहेरच्या कवचात पाच इलेक्ट्रॉन, म्हणून ‘एन’भोवती पाच ठिपके. दोन अणू शेजारी मांडून दोघांचंही अष्टक, म्हणजे बाहेरच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन, पुरं करायचं तर तीन जोड्या सामाईक ठेवाव्या लागतात. हा तिहेरी बंध फार चिवट; तोडायला एका मोलमागे सुमारे ९४५ किलोजूल लागतात. खतासाठी अमोनिया करणाऱ्या कारखान्यात ४०० अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता आणि प्रचंड दाब वापरतात. सोयाबीनच्या गाठीत हाच बंध शेतातल्या मातीच्या तापमानाला सुटतो.

रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट ल्युईस यांनी ही ठिपक्यांची मांडणी १९१६मध्ये प्रसिद्ध केली, इलेक्ट्रॉनला ढगासारखं मांडणाऱ्या श्रोडिंगरच्या समीकरणाच्या दहा वर्षं आधी. त्यामुळे पदवीच्या वर्गात आक्षेप येतोच: इलेक्ट्रॉन म्हणजे एका जागी बसलेला ठिपका नव्हे, मग मुलांना खोटं चित्र का शिकवायचं? मला हा आक्षेप अर्धाच पटतो. रांगोळीत ठिपका जागा सांगतो, ल्युईसच्या चिन्हात तो संख्या सांगतो. त्याला चित्र म्हटलं तर तो खोटा, हिशेब म्हटलं तर बहुतेक वेळा खरा. शाळेत मुलाला ठिपका म्हणजेच इलेक्ट्रॉन वाटतो, अकरावीत तो बंधाची जोडी होतो, पुढे इलेक्ट्रॉनच्या ढगाची नुसती खूण उरते. चिन्ह तेच राहतं, वाचणारा मोठा होतो.

खरी अडचण ऑक्सिजनची आहे. ठिपके मांडले तर त्याचे सगळे इलेक्ट्रॉन जोडीने बसतात, आणि तसं असेल तर चुंबकाने त्याला ओढायला नको. प्रत्यक्षात द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ओतला तर तिथेच अडकून राहतो, कारण त्याच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन एकेकटे असतात. इथे हिशेबही चुकतो, हे मान्यच करायला हवं. तरी मी ठिपक्यांच्याच बाजूने आहे. ते मोघम बोलत नाहीत, म्हणून एका चुंबकाने त्यांची चूक उघडी पडते. फळ्यावर ऑक्सिजनची जोडी काढून होताच, त्याच तासाला, मुलांना हा चुंबक सांगायला हवा.